सार की साखर?

आज एकाच शब्दापासून सुरुवात करू या. शब्द आहे ‘थाङ्’. ‘थांग’ नव्हे, शेवटी ‘ग’ उच्चारायचा नाही. ‘वाङ्मय’ म्हणताना ‘वाङ्’पाशी आवाज नाकात शिरतो ना, तेथेच थांबायचे. आता एखाद्या चिनी माणसाला तुम्ही विचारलेत, की ‘थाङ् म्हणजे काय हो?’ तर तो तुम्हांलाच उलट विचारील, ‘कोणते थाङ्?’ कारण थाङ् म्हणजे पातळ सार. थाङ् म्हणजे साखर. थाङ् म्हणजे आडवे होणे. आणि थाङ् म्हणजे चटका बसेल इतके गरम!

चारही शब्दांत तोच थ, तोच आ, तोच ङ. मग फरक आहे तरी कोठे? तो तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘ध्वनी’ या प्रकरणात आहे. आणि म्हणूनच एरवी भाषेच्या शिक्षकांनी लिहावा असा हा लेख भौतिकशास्त्राचा एक मास्तर लिहीत आहे.

हे थाङ् माझ्यामागे लागले ते माझ्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. बारावीला ती माझ्या वर्गात होती. आता ती चीनमधील एका शहरात वैद्यकीय शिक्षण घेते. तेथे परदेशी मुलांना वर्गातील विषय इंग्रजीत शिकवतात, पण रुग्णालयातले रुग्ण काही इंग्रजी बोलत नाहीत. सुट्टीत भेटायला आली तेव्हा तिने एक प्रसंग सांगितला. सकाळच्या फेरीच्या वेळी एका म्हाताऱ्या आजींना तपासायचे होते. ‘आडव्या व्हा’ असे म्हणायचे, म्हणून ती मोठ्या अदबीने ‘थाङ्’ म्हणाली. आजींनी तिच्याकडे पाहिले, जरा विचार केला, आणि उशाजवळचा डबा उचलून तिच्यापुढे धरला. डब्यात घरून आलेले सार होते.

“सर, त्या दिवशी सगळे हसले, आजीही हसल्या,” ती म्हणाली. “पण मी खोलीवर येऊन रडले. उद्या एखाद्याला नीट विचारता आलं नाही, किंवा त्यानं सांगितलेलं मला भलतंच ऐकू आलं, तर? तो हसण्यावारी नेण्याचा प्रसंग नसेल.”

मी तिला धीर दिला खरा, पण मनात म्हटले, आपण तिच्या जागी असतो तर काय केले असते? कारण मी जन्माचा बेसूर. शाळेत असताना समूहगीताच्या वेळी आमच्या गुरुजींनी मला मागच्या रांगेत उभे केले होते आणि ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले होते. चाळीस वर्षांचा होईपर्यंत मी ते इमानेइतबारे पाळले. जेथे शब्दाचा अर्थच सुरावर अवलंबून आहे, ती भाषा बेसूर माणसाला यावी कशी? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी तिला म्हटले, “मला थोडेसे शिकव. सोपे, रोजच्या सकाळचे शब्द सांग. सकाळ रोज होते, त्यामुळे उजळणी आपोआप होईल.”

तिने मला सात कामांची नावे लिहून दिली. ती सांगण्यापूर्वी हा सुराचा प्रकार काय आहे ते पाहू.

तुमच्या गळ्यावर, कंठमण्याच्या जागी, दोन बोटे ठेवा आणि लांब ‘स्स्स्’ असा आवाज काढा. बोटांना काही जाणवणार नाही. आता ‘आऽऽ’ म्हणा. गुणगुण जाणवेल. स्वरयंत्रातील स्वरतंतू फुप्फुसातून येणाऱ्या हवेने उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात, आणि हे सेकंदाला शे-दोनशे वेळा घडते. या संख्येला कंप्रता किंवा वारंवारता म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. ‘तंतू’ हा शब्द मात्र फसवा आहे. त्या सतारीसारख्या तारा नाहीत, स्नायूंच्या घड्या आहेत. तरीही एक गोष्ट तारेसारखीच: ताण वाढवला की कंप्रता वाढते, आवाज चढतो, ताण सैल केला की आवाज उतरतो. पुरुषांचे स्वरतंतू अधिक लांब व जाड, म्हणून त्यांचा आवाज खालचा. बोलताना पुरुषांची कंप्रता साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते, स्त्रियांची २०० च्या आसपास आणि लहान मुलांची ३०० च्या घरात.

आवाजाचा हा चढउतार मराठीतही आहेच. ‘तू जेवलास.’ आणि ‘तू जेवलास?’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. छापताना आपण प्रश्नचिन्ह घालतो, बोलताना शेवटी आवाज चढवतो. ‘हो’ हा एवढासा शब्द. पण आईने हाक मारल्यावरचा ‘होऽ’, मित्राने अविश्वसनीय बातमी सांगितल्यावरचा ‘हो?’ आणि चौथ्यांदा तेच काम सांगितल्यावरचा कंटाळलेला ‘हो’ हे कानाला किती वेगळे लागतात! परंतु तिन्ही वेळा ‘हो’चा अर्थ ‘होय’ हाच राहतो. बदलते ती बोलणाऱ्याची वृत्ती. चिनी भाषेत आवाज चढवला की वृत्ती बदलत नाही, शब्दच बदलतो. विकत घेणे म्हणजे ‘माय्’ आणि विकणे म्हणजेही ‘माय्’; फरक फक्त सुराचा. बाजारात केवढा घोटाळा!

(हे केवळ चिनी लोकांचेच वैशिष्ट्य आहे असे समजू नका. आपल्या देशात मिझो, बोडो, मणिपुरी या भाषांतही सूर अर्थ बदलतो. आणि पंजाबीतही. पंजाबी माणूस ‘घोडा’ म्हणताना आरंभी घ नव्हे, क सारखा आवाज काढतो आणि सूर खाली नेतो. त्या उतरलेल्या सुरावरूनच ऐकणाऱ्याला तो घोडा आहे, चाबूक नव्हे, हे कळते.)

चीनमध्ये प्रमाण मानल्या जाणाऱ्या भाषेला तेथे ‘फूथोङ्ह्वा’ म्हणतात. तीत मुख्य सूर चार. दक्षिणेकडील कँटनी बोलीत ते सहा मोजतात, पण आपल्याला चार पुरेत. ते कागदावर कसे मांडायचे याची युक्ती १९३० साली युआन रन चाव या विद्वानाने काढली. हा गृहस्थ मोठा नमुनेदार. जन्म १८९२ चा, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकला, तेथेच काही काळ भौतिकशास्त्र शिकवत होता, गाण्यांना चाली लावत असे, आणि शेवटी भाषाशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. एकदा त्याने केवळ ‘ष्’ या एकाच उच्चाराच्या अक्षरांची एक छोटी गोष्ट रचली. वाचली तर अर्थ लागतो, ऐकली तर नुसता फुसफुसाट! त्याने असे केले की, बोलणाऱ्याच्या आवाजाच्या सगळ्या टप्प्याचे पाच थर कल्पिले. सर्वांत खालचा १, सर्वांत वरचा ५. आता आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर हे पाच थर घ्या. पहिला सूर ५ वरून ५ वर, म्हणजे उंचावर आडवी रेघ. दुसरा ३ वरून ५ वर, चढण. तिसरा २ वरून १ पर्यंत उतरतो आणि मग ४ पर्यंत वर येतो, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा. मात्र पुढे दुसरा शब्द आला की वर येण्याचे टाळून बहुधा तळाशीच राहतो. चौथा सूर ५ वरून थेट १ वर, माडावरून पडणाऱ्या नारळासारखा.

या लेखात मी शब्दापुढे सुराचा आकडा लिहिणार आहे. थाङ्१ म्हणजे सार, थाङ्२ म्हणजे साखर, थाङ्३ म्हणजे आडवे होणे आणि थाङ्४ म्हणजे चटका देणारे गरम. आता कळले ना आमच्या विद्यार्थिनीचे काय चुकले? तिने पोहरा खाली सोडायच्या ऐवजी आडवी रेघ ओढली.

मला हे वाचून कळले, पण जमेना. मग मी आमच्या प्रयोगशाळेत गेलो. मायक्रोफोन ऑसिलोस्कोपला जोडला, पडद्यावर लहरी उमटू लागल्या. मी चारही थाङ् म्हणून नोंदवले आणि लहरींच्या लागोपाठच्या शिखरांतील अंतर मोजले. ते अंतर म्हणजे आवर्तकाल, आणि १ ला आवर्तकालाने भागले की कंप्रता. थाङ्४ म्हणताना सुरुवातीला शिखरे ६ मिलिसेकंदांवर होती, शेवटी ११ मिलिसेकंदांवर. गणित करा: १०००ला ६ ने भागा, सुमारे १६७ हर्ट्झ. १०००ला ११ ने भागा, सुमारे ९१ हर्ट्झ. म्हणजे एका शब्दात, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, माझा आवाज ७६ हर्ट्झ खाली कोसळला होता. थाङ्१ मध्ये शिखरे अगदी शेवटपर्यंत साडेसहा मिलिसेकंदांवर कवायतीतल्या मुलांसारखी उभी होती; म्हणजे सुमारे १५४ हर्ट्झ. थाङ्३ ने तळाला ८३ हर्ट्झ गाठले आणि तेथे आवाज चक्क करकरला. तो दोष नाही म्हणे. चिनी माणसांचा तिसरा सूरही तळाशी असाच करकरतो.

आता एक पेच. त्याच पद्धतीने मी विद्यार्थिनीचा आवाजही तपासला. तिचा थाङ्४ सुमारे ३०० वर सुरू झाला आणि १६० ला संपला. म्हणजे पाहा, तिचा सर्वांत खालचा आवाज माझ्या सर्वांत वरच्या थाङ्१ पेक्षाही वर! मग चिनी श्रोत्याला ‘वर’ आणि ‘खाली’ कळते तरी कसे? कंप्रतेचा आकडा जर काही सांगत नसेल तर सांगते काय?

याचे उत्तर आपल्याकडच्या बैठकीत मिळते. गवई आधी षड्ज लावतो. पुरुष काळी एकच्या आसपास, स्त्रिया काळी चारच्या आसपास. पट्टी वेगळी, पण राग तोच. कारण राग हा कंप्रतेच्या आकड्यांत नसतो, त्या आकड्यांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणात असतो. पंचमाची कंप्रता षड्जाच्या दीडपट, तार षड्जाची दुप्पट, मग षड्ज कोणताही असो. श्रोता दोनचार शब्द ऐकतो, बोलणाऱ्याचा आवाज साधारण कोठून कोठवर हिंडतो याचा त्याच्या कानाला अंदाज येतो, आणि त्या टप्प्यात हा शब्द वर आहे की खाली हे तो ठरवतो. शिवाय नुसती उंची नव्हे, दिशाही ऐकतो. चढणारा आवाज आजोबांचा असो की नातीचा, चढणाराच असतो.

आणि येथेच माझ्यासारख्या बेसुरालाही वाट सापडली. गाण्यात एका स्वरावरून अगदी शेजारच्या, म्हणजे कोमल ऋषभावरून शुद्ध ऋषभावर जाताना कंप्रता सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. १५० हर्ट्झच्या आसपास हा फरक ९ हर्ट्झचा. त्यात मी चार हर्ट्झ इकडेतिकडे झालो की गुरुजींचे कपाळ आठीत जाते. पण थाङ्४ मध्ये आवाज ७६ हर्ट्झ पडतो. तो ७६ ऐवजी ७० पडला किंवा ८५ पडला, तर सार काही साखर होत नाही. गाण्याला सूक्ष्म माप लागते. बोलण्यातल्या सुराला दिशा आणि ठळक फरक पुरतो. सोनाराचा काटा आणि वखारीतला काटा यांत जो फरक आहे, तोच हा. चीनमध्येही न्हाणीघरात बेसूर गाणारी माणसे असतीलच की. ती बाहेर येऊन न्याहारी मागतात तेव्हा कोणी त्यांना बिछान्यावर निजवत नाही.

आता ती सकाळची सात कामे.

उठणे: छी३ छ्वाङ्२. छी म्हणजे उठणे, छ्वाङ् म्हणजे बिछाना. दात घासणे: ष्वा१ या२. तोंड धुणे: शी३ ल्येन्३. अंघोळ: शी३ चाव्३. चहा पिणे: हअ१ छा२. न्याहारी: छ्१ चाव्३ फान्४. शाळेत जाणे: षाङ्४ श्युए२.

प्रथम व्याकरणाची गंमत पाहा. आपण ‘दात घासतो’, ते ‘घासतात दात’. क्रियापद आधी, कर्म नंतर. पण क्रियापद मात्र किती सोशिक! मी घासतो, ती घासते, त्यांनी घासले, सगळीकडे ष्वा ते ष्वाच. लिंग नाही, वचन नाही, काळाचे प्रत्यय नाहीत. आणि शब्दांची अदलाबदल करून ‘या२ ष्वा१’ म्हटलेत, तर अर्थ होतो दात घासायचा ब्रश!

उच्चारांच्या बाबतीत मराठी मुलांना आयती मदत आहे, आणि हे मला सर्वांत आवडले. चिनी भाषेत प–फ, त–थ, क–ख अशा जोड्या आहेत. फरक फक्त श्वासाच्या झोताचा. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘ताट’ म्हणा, मग ‘थाट’ म्हणा. दुसऱ्या वेळी पट्टी चांगलीच हलेल. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. आपण तो बाराखडीबरोबरच शिकलो आहोत. १९५८ साली चीनने रोमन लिपीतील जे अधिकृत लेखन स्वीकारले, त्यात झोत नसलेल्या ‘प’ला इंग्रजी ‘बी’ हे अक्षर दिले. म्हणून आपली वृत्तपत्रे ‘बीजिंग’ छापतात. तेथील उच्चार ‘पेय्३ चिङ्१’ असा आहे. देवनागरीत तो जवळजवळ नेमका लिहिता येतो.

आणखी एक. अंघोळीच्या ‘चाव्’मधील च हा ‘चिमणी’तला नव्हे, ‘चोर’ आणि ‘चूल’ यांतला, दातांना जीभ लावून म्हणायचा. मराठीत दोन्ही च आहेत, चिनीतही आहेत. तसेच श आणि ष. आपण ‘षटकोन’ लिहितो आणि ‘शटकोन’ म्हणतो. ष बिचारा केवळ शुद्धलेखनापुरता उरला आहे. चिनी भाषेत तो जिवंत आहे. ष्वा म्हणताना जीभ मागे वळवावी लागते, शी म्हणताना नाही. मी वयाच्या या टप्प्यावर ष शिकलो तो असा, दात घासताना.

न्याहारीतल्या ‘चाव्’चा अर्थ ‘लवकर’ किंवा ‘सकाळ’. सकाळी भेटलेली चिनी माणसे एकमेकांना नुसते “चाव्३!” म्हणतात, झाला नमस्कार. आणि अंघोळीतला चाव्३? तोही अगदी तोच उच्चार, तोच सूर! येथे सूरही मदतीला येत नाही. मग संदर्भावरून ओळखायचे, किंवा लिहून दाखवायचे. ‘लवकर’च्या चिन्हात वर सूर्य असतो, म्हणजे एक चौकोन आणि मध्ये आडवी रेघ, त्याखाली बेरजेच्या चिन्हासारखी फुली. अंघोळीच्या चिन्हात डावीकडे पाण्याचे तीन थेंब. आपल्या थाङ् मंडळींचेही असेच. साराच्या डाव्या बाजूला पाण्याचे थेंब, साखरेच्या डाव्या बाजूला तांदळाचे चिन्ह, आडवे होण्याला शरीराचे. आणि चटक्याचे चिन्ह तर बघण्यासारखे आहे: वर सगळे सार मांडले आहे आणि त्याच्या खाली अग्नी पेटवला आहे.

(सकाळ ‘लवकर’ होते की उशिरा, हाही चीनमध्ये वादाचा विषय व्हावा. देश पूर्व-पश्चिम सुमारे ६२ रेखांश पसरलेला, पण घड्याळ सगळीकडे एकच. पश्चिमेचे काशगर शहर जवळजवळ आपल्या जळगावच्या रेखांशावर आहे. दोन्हीकडे मध्यान्ह साधारण एकाच क्षणी होते, परंतु जळगावात साडेबारा वाजलेले असताना काशगरच्या सरकारी घड्याळात तीन वाजलेले असतात! तेथे हिवाळ्यात सूर्य उगवायला दहा वाजतात, म्हणून स्थानिक लोक दोन तास मागचे घड्याळही वापरतात.)

आता ‘शी३ ल्येन्३’ आणि ‘शी३ चाव्३’ पुन्हा पाहा. दोन पोहरे एकापाठोपाठ विहिरीत सोडायचे. पण तसे कोणी म्हणत नाही. दोन तिसरे सूर शेजारी आले, की पहिल्याचा दुसरा सूर होतो. उच्चार ‘शी२ ल्येन्३’, ‘शी२ चाव्३’. संस्कृत संधीचे नियम पाठ करताना तुम्ही कंटाळला असाल, पण ही पाहा सुरांची संधी. सूर चुकवल्याने मी काय केले ते सांगतो. निजणे म्हणजे ष्वे४ च्याव्४, दोन्ही नारळ. पाण्यात उकडलेल्या मोदकासारख्या करंज्या चीनमध्ये आवडीने खातात, त्या ष्वे३ च्याव्३. एका रविवारी विद्यार्थिनीला फोनवर मी ऐटीत सांगितले, की ‘मला अजून निजायचे आहे.’ पलीकडून ती म्हणाली, “सर, करंज्या मिळतील, पण पाठवू कशा?”

खाण्यावरून आठवले. छा२ आणि आपला चहा हे खरेच नातेवाईक आहेत. वनस्पती चीनमधून जगभर गेली आणि नावही बरोबर गेले. कोठे ‘छा’ या रूपाने गेले, त्यातून आपला चहा झाला; कोठे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोलीतील ‘ते’ या रूपाने गेले, त्यातून इंग्रजांचा ‘टी’ झाला. दुसरीकडे पाहा: चिनी न्याहारीत सारण भरून वाफवलेला गोळा असतो, त्याला म्हणतात पाव्१ च. आणि आपण मिसळीबरोबर खातो तो पाव! पण हे नाते खोटे आहे. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, त्याचा चिनी पावाशी काही संबंध नाही. निव्वळ योगायोग. दोन शब्द सारखे वाजले की लगेच त्यांचे गोत्र जुळवू नये, हे मी या पावामुळे शिकलो.

माझी विद्यार्थिनी ज्या वाटेने चालली आहे, त्या वाटेने पूर्वी एक मराठी डॉक्टर गेले होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०. चीन-जपान युद्ध चालू असताना १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी भाषा शिकले, रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. तेथील क्वो छिङ्लान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिन्ह्वा. ‘यिन्’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते तेथेच वारले. त्यांच्याजवळ ना ध्वनिमुद्रक होता, ना ऑसिलोस्कोप. जखमी सैनिकाला ‘थाङ्३’ म्हणताना त्यांचाही सूर सुरुवातीला चुकलाच असेल. पण शिकले.

तुम्हांलाही हा प्रयोग घरी करता येईल. वीस चिठ्ठ्या करा. पाचांवर १, पाचांवर २, असे चारही आकडे लिहा. त्या चांगल्या मिसळा. मित्राने एकेक चिठ्ठी उचलून, तुम्हांला न दाखवता, त्या सुरात ‘थाङ्’ म्हणायचे. तुम्ही आकडा लिहायचा. नुसत्या अंदाजाने ठोकलेत, तरी सरासरीने वीसपैकी पाच उत्तरे बरोबर येतील, म्हणून पाचावर फुशारू नका. दहाच्या वर गेलात, तर तुमच्या कानाला काहीतरी ऐकू येऊ लागले असे समजा. मोबाइलवर आवाजाची कंप्रता दाखवणारे एखादे साधन असेल, तर चारही आलेख काढून पाहा. आणि मग हाच खेळ कुजबुजत खेळा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणजे कंप्रतेचा आलेखच नाहीसा होतो. तरीही चिनी माणसे कुजबुजतात आणि एकमेकांना कळते! सुटा उच्चारलेला तिसरा सूर जास्त लांबतो, चौथा आखूड असतो. जोरही कमीजास्त होतो. उरलेले संदर्भ सांभाळतो. तुमची वीसपैकी किती उत्तरे बरोबर येतात ते लिहून ठेवा.

माझी पहिल्या दिवशी सात आली होती. चिठ्ठ्या वाचून दाखवणारी आमची विद्यार्थिनीच होती, त्यामुळे सबब सांगायला जागा नव्हती. ती परत गेल्यावर मी रोज सकाळी सरावाला लागलो. ब्रश तोंडात असताना ‘ष्वा या’, तोंड पुसताना ‘शी ल्येन्’. घरच्यांनी आठवडाभर चौकशी केली, नंतर सोडून दिली. चहाचा पहिला घोट घेताना मी ‘थाङ्४’ असे मनापासून ओरडतो. आमच्या सौभाग्यवतींना आता त्याचा अर्थ कळतो आणि त्या बशी पुढे करतात. तीन आठवड्यांनी दूरध्वनीवरून पुन्हा परीक्षा झाली, तेव्हा वीसपैकी सोळा बरोबर आली.

गेल्या रविवारी मी सातही कामांची नावे ध्वनिमुद्रित करून तिला पाठवली. दुपारी तिचे उत्तर आले. “सर, सहा छान. अंघोळीला संधी विसरलात. आणि एक सांगायचं राहिलं, त्या सारवाल्या आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना मला त्यांनी माझ्या हातून चार वेळा थाङ्३ घोटवून घेतलं.”